कोर्टाची तारीख ड्युटीवर, शिबिर मात्र रजेवर?

या वेळचे बहुतेक प्रश्न कामगार प्रतिनिधींच्या सुट्टीबद्दल आणि प्रशिक्षणाबद्दल आहेत. उत्तरे वाचताना एक बदल ध्यानात असू द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि 1926 चा कामगार संघटना कायदा, 1946 चा स्थायी आदेश कायदा व 1947 चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही तिने रद्द केले. महाराष्ट्राचा 1971 चा संघटना-मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा रद्द झालेल्यांच्या यादीत नाही.

प्रश्न : उमरेडजवळच्या इंजिनीअरिंग कारखान्यात आमची संघटना मान्यताप्राप्त आहे. औद्योगिक न्यायालयाच्या तारखेला गेलो की पगार मिळतो, पण दोन दिवसांच्या शिबिराला गेलो की खाडा मांडतात. हे बरोबर आहे का?

कायद्याच्या अक्षराप्रमाणे बरोबर आहे. तारखेचा पगार मिळतो तो 1971 च्या कायद्यातल्या कलम 23 मुळे. मान्यताप्राप्त संघटनेने लेखी अधिकार दिलेले जास्तीत जास्त दोन सभासद कायद्याखालच्या कामकाजात हजर राहिले, तर त्या दिवशी ते ड्युटीवर होते असे धरले जाते आणि पगार-भत्ते मालकाने द्यायचे असतात. मात्र ज्या न्यायालयापुढे किंवा अधिकाऱ्यापुढे हजर राहिलात, त्यांचे प्रमाणपत्र आणून द्यावे लागते. पैसे अडकतात ते बहुतेक इथेच. तारीख संपली की मंडळी थेट एसटी स्टँड गाठतात आणि महिनाभराने प्रमाणपत्रासाठी पुन्हा नागपूरची खेप करतात. कोर्टाच्या कार्यालयातून ते त्याच दिवशी मागून घ्या. दुसरी चूक माणसांच्या संख्येची. पाच जण गेले तर पगार दोघांचाच, आणि ते दोघे कोण हे अधिकारपत्रावर आधीच लिहिलेले हवे. तिसरे म्हणजे, कलमात ‘प्रत्यक्ष कामकाज झालेले दिवस’ असे म्हटले आहे. वकिलाकडे बसून कागद लावण्यात गेलेला दिवस त्यात बसत नाही.

शिबिराचा उल्लेख या कलमात कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 143 क्रमांकाची शिफारस (1971) सांगते की, प्रतिनिधींना बैठका आणि प्रशिक्षणासाठीही पगार न कापता वेळ द्यावा. पण शिफारस कोणावर बंधनकारक नसते, आणि तिच्या सोबतचा 135 क्रमांकाचा करार भारताने मंजूर केलेला नाही. व्यवस्थापनापुढे शिफारस वाचून दाखवायला हरकत नाही, तिच्या भरवशावर खाडा करू नका.

ही सवलत मिळते ती पगारवाढीच्या करारातून. मागणीपत्रात प्रशिक्षणाचे कलम टाकायचे आणि आकडे घालूनच टाकायचे. उदाहरणार्थ : ‘कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्यास वर्षाला 6 दिवस प्रशिक्षणासाठी ड्युटीवर समजले जाईल, एका पाळीतून एका वेळी एकच सदस्य जाईल, संघटना 10 दिवस आधी लेखी कळवेल, हजेरीचे प्रमाणपत्र परतल्यापासून 3 दिवसांत दिले जाईल.’ हे आकडे नमुन्याचे आहेत, ते तुमच्या मनुष्यबळाप्रमाणे ठरवा. पाळीची अट स्वतःहून घाला, कारण ‘रिलीव्हर कुठून आणू’ हाच व्यवस्थापनाचा पहिला आणि बऱ्याचदा खराही आक्षेप असतो. ‘शक्य असल्यास’, ‘व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ असे शब्द मसुद्यात आले तर कलम असून नसल्यासारखे. करार झाल्यावर तो पाळला नाही, तर 1971 च्या कायद्याच्या अनुसूची 4 मधल्या 9 व्या बाबीखाली तक्रार होते. करार न पाळणे ही तिथे अनुचित प्रथा आहे.

‘ड्युटीवर’ या शब्दासाठी हट्ट धरा, ‘पगारी रजा’वर समाधान मानू नका. रजा म्हटले की हजेरी भत्ता जाऊ शकतो. शिवाय शिबिराच्या वाटेवर अपघात झाला, तर तो कामाच्या ओघात झाला का, हा वाद उभा राहतो. ड्युटीची लेखी नोंद असेल तर निदान दावा करायला आधार असतो.

प्रश्न : वणी भागातल्या कोळसा खाणीत आहे. हे कलम 23 आम्हालाही लागू का?

नाही. राज्याचा 1971 चा कायदा राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या उद्योगांसाठी आहे, आणि कोळसा खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात. तुमचा आधार म्हणजे संघटनेशी झालेले करार.

खाणीत एक वेगळी संधी आहे, ती बरेच जण सोडून देतात. खाण नियम, 1955 मध्ये 500 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या खाणीत नोंदणीकृत संघटनेशी सल्लामसलत करून कामगार निरीक्षक नेमण्याची तरतूद आहे. खाणकाम, विद्युत आणि यांत्रिक अशा तिन्ही अंगांसाठी ते असतात. नाव सुचवताना संघटना ज्येष्ठता पाहते, ती पाहू नये. ज्याला छताचा आवाज कळतो आणि नोंदवही नीट लिहिता येते, त्याचे नाव द्या. सुरक्षेचे प्रशिक्षण पदरात पडण्याचा हा सरळ मार्ग आहे, कारण ते खाणीच्याच कामाचा भाग ठरते.

प्रश्न : हिंगणघाटकडे जिनिंगमध्ये हंगामात 70 जण असतो, पावसाळ्यात 12. संघटनेला मान्यता मिळेल का? प्रशिक्षण केव्हा घ्यावे?

मान्यतेसाठी 50 कामगारांची अट आहे, पण मागच्या 12 महिन्यांत कोणत्याही एका दिवशी 50 असले तरी ती पुरी होते. तेव्हा ‘आता तर 12 च आहेत’ हे मालकाचे म्हणणे टिकत नाही. हंगामातल्या मस्टरची किंवा पगारपत्रकाची प्रत जपून ठेवा.

खरी अडचण सभासदत्वाची. अर्जाच्या महिन्याआधीचे सलग 6 महिने किमान 30 टक्के सभासदत्व दाखवावे लागते. जिनिंग दिवाळीनंतर धडधडते आणि उन्हाळ्यात थंडावते, आणि वर्गणीची पावतीपुस्तके नेमकी हंगाम संपताच बंद पडतात. वर्गणी पहिल्याच पगारापासून, दर महिन्याला, क्रमांक घातलेल्या पावतीवर घ्या. हंगाम संपता संपता सहा महिन्यांच्या पावत्या एकदम फाडू नका. तपासणीत एका शाईच्या, एका हाताच्या पावत्या लगेच दिसतात.

मान्यता नसतानाही हात अगदी बांधलेले नसतात. 1971 च्या कायद्यातल्या कलम 22 प्रमाणे अमान्य संघटनेला बडतर्फी, कामगारकपात, निलंबन अशा तक्रारींवर मालकाशी बोलता येते आणि खातेनिहाय चौकशीत कामगारातर्फे उभे राहता येते. शिवाय नव्या संहितेत 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे, एकूण 10 पेक्षा जास्त नाहीत. तिथे बसणाऱ्याला निदान पगारपत्रक वाचता आले पाहिजे.

प्रशिक्षण जूनअखेर ते सप्टेंबरमध्ये घ्या. यंत्रे बंद असतात, कोणाचा खाडा होत नाही. फक्त पेरणीचा आठवडा आणि पोळा टाळा.

प्रश्न : कुरखेडा तालुक्यात शेतमजूर आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांची संघटना आहे. आम्हाला सुट्टी देणार कोण? शिकवणारे कुठून आणायचे?

सुट्टी देणारा मालक नसला की प्रश्न बुडीत मजुरीचा होतो. ग्रामीण कामगारांच्या संघटनांबाबतचा 141 क्रमांकाचा करार भारताने 1977 मध्ये मंजूर केलेला आहे. संघटना बांधण्याच्या हक्काला त्याचा आधार आहे, पण दिवसाची मजुरी त्यातून मिळत नाही.

शिकवणाऱ्यांसाठी दूर जायला नको. दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ हे केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाचे, 1958 मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ म्हणून सुरू झालेले, आणि त्याचे कार्यालय नागपुरातही आहे. असंघटित व ग्रामीण कामगारांसाठी मंडळ छोटी शिबिरे घेते आणि शिक्षण अधिकारी गावात येतात. संघटनेच्या पत्रात चार गोष्टी लिहा : गाव व जागा, सोयीच्या दोन-तीन तारखा, साधारण 40 जणींची नावांसह यादी आणि तुम्हाला हवे असलेले विषय. विषय तुम्ही लिहिले नाहीत, तर सर्वसाधारण योजनांची माहिती देऊन शिबिर संपते. बुडीत मजुरीपोटी काही मिळते का, हेही त्याच पत्रात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बायांना आधीच तोंडी कबूल करून ठेवले आणि पैसे आले नाहीत, तर पुढच्या शिबिराला कोणी येत नाही.

तारखा पिकाप्रमाणे ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायचा, मे महिन्यात पानफळी (तेंदूपत्त्याची तोडणी), पाऊस लागला की रोवणी, दिवाळीच्या आसपास धानाची कापणी. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ मोकळा. वेळ 11 ते 4 ठेवा, परतीची शेवटची एसटी पाहून. निवासी शिबिराचा आग्रह नको. लहान लेकरे असलेल्या बाया गळतात आणि खुर्च्या पुरुष भरतात. विषय दोनच पुरेत : पुडक्यांची मोजणी व तोडणी कार्डावरची नोंद, आणि रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी करून तारीख घातलेली पोच घेणे. पहिल्या दिवशी कायद्यांची नावे सांगत बसू नये, कार्ड हातात देऊन बेरीज करायला लावावी.

प्रश्न : औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी आहे, संघटनेचा शाखा सचिव. शिबिराच्या सुट्टीचा अर्ज कंपनीकडे करू की ठेकेदाराकडे?

ठेकेदाराकडे करा, प्रत मूळ कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला, दोन्हींवर पोच. कंत्राटी कामगार आपले कामगारच नाहीत असे मूळ कंपनी म्हणत असेल, तर ते नाते आधी सिद्ध केल्याशिवाय 1971 च्या कायद्याखाली तिच्यावर तक्रार चालत नाही. सिप्ला प्रकरणात (2001) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे. अर्ज नुसता कंपनीकडे दिला, तर पुढे ठेकेदार ‘मला कळवलेच नाही’ म्हणायला मोकळा.

प्रश्न : टपाल खात्यात आहे. अधिवेशनाला किती रजा?

केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त संघटनांसाठी विशेष नैमित्तिक रजा वर्षाला पदाधिकाऱ्यांना 20 दिवसांपर्यंत, बाहेरगावच्या प्रतिनिधींना 10, स्थानिक प्रतिनिधींना 5. हे कमाल आकडे आहेत, मंजुरी लागतेच. ही मोजदाद झेडपीच्या शिक्षकांनी आपल्यावर ओढवून घेऊ नये. त्यांच्या अधिवेशनांसाठी शासनाचे त्या त्या वेळचे पत्र निघते, आणि पत्रातल्या तारखा पाहूनच शाळा सोडावी.

प्रश्न : शिबिरावरून परतलो आणि आठ दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यात बदली. काय करू?

आधी दिवस मोजा. 1971 च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार घटनेपासून 90 दिवसांत करायची असते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. धोरणाचे नाव पुढे करून आकसाने केलेली बदली अनुसूची 4 च्या 3 ऱ्या बाबीत येते, संघटनेच्या कामात हस्तक्षेप अनुसूची 2 मध्ये. या दोन्हींसाठी औद्योगिक न्यायालय. नोकरीवरूनच काढले असते, तर अनुसूची 4 च्या पहिल्या बाबीखाली कामगार न्यायालयात जावे लागले असते. तक्रारीसोबतच कलम 30 (2) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्या, म्हणजे निकालापर्यंत बदली थांबवण्याची मागणी करता येते.

आकस सिद्ध होतो तो तारखांवरून. शिबिराच्या अर्जाची पोच, शिबिराचे प्रमाणपत्र, बदलीचा आदेश, आणि तुमच्या पदावर तुमच्याहून कनिष्ठ कोण कोण होते व त्यांची बदली का झाली नाही, याची यादी. शेवटचा कागद बहुतेक तक्रारींत नसतो, आणि व्यवस्थापनाचा वकील पहिल्यांदा तेच विचारतो. बदलीचा आदेश घ्यायला नकार देऊ नका. तो ‘हक्क राखून’ असे लिहून स्वीकारा. नवीन जागी रुजू व्हायचे की नाही हे वकिलाशी बोलून ठरवा, कारण नुसते घरी बसलात तर गैरहजेरीचे वेगळे आरोपपत्र हातात पडते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.