पद्मनाभस्वामींच्या दर्शनाला प्रथमच जाताना
आपण तिरुवनंतपुरमला प्रथमच निघाला आहात, म्हणून मोजकेच सांगतो. पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट-बनियन उतरवून, मुंडू (केरळातील धोतरासारखे, कमरेला गुंडाळायचे वस्त्र) नेसूनच आत जावे लागते. स्त्रियांना साडी सर्वांत सोयीची. आपल्याकडचे नवखे यात्रेकरू नेमके येथेच गोंधळतात, कारण अमृतसरच्या सुवर्णमंदिरात डोके झाकून दर्शन घेतलेले असल्यामुळे देवापुढे जितके अंग झाकलेले तितके बरे, असे ते धरून चालतात. मुंडू बाहेर भाड्याने मिळतो, त्यामुळे काळजी नसावी. मात्र पहिल्या खेपेस माझा मुंडू भर रांगेत सुटू लागला होता, तेव्हा घरी दोनदा नेसून पाहा आणि काठ कमरेशी घट्ट खोवा. मोबाइल बाहेरच ठेवावा लागतो.