"पोरगी इथं आणली की केस इथंच चालणार ना?"

नवरा-बायकोच्या वादात मी मध्यस्थी करते. मे महिना सरत आला की माझ्याकडे एकाच सुराचे फोन येऊ लागतात. नवरा-बायकोचं बिनसलेलं असतं, मूल सुट्टीला कुणा एकाकडे गेलेलं असतं आणि शाळा तोंडावर आलेली असते. बोलणारा कधी बाप असतो, कधी आई, पुष्कळदा आजोबा नाहीतर मामा. "मॅडम, पोरगी आता आमच्याकडंच आहे. इथल्या शाळेत नाव घातलं की केस इथंच चालणार, बरोबर?"

कोल्हापूरकरांच्या सोयरिकी निपाणी, चिक्कोडी, बेळगावपर्यंत पसरलेल्या. लग्न ठरवताना कुणी राज्याची हद्द बघत नाही. संसार मोडायला लागला की मात्र कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी टोलनाक्यापलीकडं पोलीस वेगळे, हायकोर्ट वेगळं, हे सगळ्यांच्या ध्यानात येतं. मग प्रत्येकाला "आपलं" कोर्ट हवं असतं.

असंच एक जोडपं राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवऱ्याचं शिरोलीत छोटं वर्कशॉप, बायकोचं माहेर बेळगाव, मुलगी आठ वर्षांची. मे महिन्यात आई मुलीला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. जूनमध्ये मुलीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. वडिलांनी कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात ताब्याचा अर्ज केला. इकडे मामा बहिणीच्या मागं लागला होता, "तू बेळगावात घटस्फोट टाक." दोघांचे वकील समंजस होते. त्यांनीच यांना माझ्याकडे धाडलं.

पहिल्या दिवशी वडील फाइल घेऊन आले. आधारकार्ड, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात नीट लावलेलं.

"सात वर्षं ती इथं वाढलीय. शाळा सोडल्याचा दाखला मी काढूनच दिलेला नाही. बघू कशी शिकवतात तिकडं."

"दाखल्यावाचून अडत नाही," मी म्हटलं. "२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, बदलून आलेल्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखला अडवून तुम्ही तिला थांबवलेलं नाही. तिच्या नव्या बाईंना तिची जुनी प्रगती कळू दिली नाही, एवढंच झालं."

ते गप्प झाले. फाइल मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही.

आईचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं. "चार महिने झाले ती माझ्याकडं आहे. आता ती बेळगावचीच की."

हे दोघेच नव्हेत, बहुतेकजण इथं चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलाच्या ताब्यासाठी स्वतंत्र अर्ज करायचा तर १८९० चा पालक आणि पाल्य कायदा लागतो. त्याच्या कलम ९ प्रमाणे मूल 'सर्वसाधारणपणे' जिथं राहतं, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. बाप कुठं राहतो, लग्न कुठं लागलं, आज मूल कुणाच्या घरात आहे, यावर ते ठरत नाही. २०११ साली रुची माजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल सर्वसाधारणपणे कुठं राहतं, हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि तो त्या त्या प्रकरणातल्या परिस्थितीवरून ठरतो. म्हणजे अमुक महिने ठेवलं की कोर्ट बदललं, असा हिशोब नाही. सुट्टीला म्हणून नेलं आणि ठेवून घेतलं, तर तेही न्यायाधीश बघतातच.

गोंधळ होतो तो घटस्फोटामुळं. हिंदू विवाह कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनंतर बायकोला ती राहते तिथं अर्ज करता येतो, आणि तो खटला चालू असताना तेच कोर्ट कलम २६ खाली मुलाच्या ताब्याबद्दल आदेश देऊ शकतं. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असेल तर २००५ च्या कायद्याप्रमाणे बाई तात्पुरती जिथं राहते, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. तीन दरवाजे आहेत आणि तिन्हींच्या चौकटी वेगळ्या. शेजारणीच्या बहिणीची केस जिथं चालली तिथंच आपली चालेल, असं धरून चालू नका. आपल्या वकिलांना नेमकं विचारा, "अर्ज कुठल्या कायद्याखाली करताय?"

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तेव्हापासून "बेळगावची केस आता कोल्हापूरला ओढून घेता येईल" असंही मला ऐकवलं जातं. तसं नाही. हे बेंच महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांसाठी आहे. एका राज्यातलं प्रकरण दुसऱ्या राज्यात हलवायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो. बेळगाव दोन-अडीच तासांवर आहे, पण ती हद्द ओलांडायला कागद दिल्लीला जातो.

हे सगळं मी त्या दोघांना समजावलं. समजलं, पण हललं कुणी नाही. कायदा कळल्यानं माणूस मऊ होतो असा माझा अनुभव नाही. मी माणसाला त्याच्या नात्यांच्या जाळ्यासकट पाहते. एक दोर ताणला की जाळं कुठं वाकतं, हे शोधणं माझं काम. आणि ताण आई-बापांनी दिला तरी वाकतं बहुधा मूल.

तिसऱ्या भेटीला मुलीला एकटीला भेटले. ती दप्तर घेऊन आली होती. रविवार होता, तरी दप्तर पाठीवरून उतरवायला तयार नव्हती. मी चित्राचा कागद दिला, तेव्हा रंग काढायला तिनं पुढचा कप्पा उघडला. खडूच्या डबीशेजारी एका पिशवीत नीट गुंडाळलेला टूथब्रश होता.

"हा शाळेत लागतो?"

"नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "कधी निघायचं ते आधी कळत नाही ना."

इतक्या वर्षांत मी मुलांची पुष्कळ रडणी ऐकली आहेत. ही रडली नाही, खाली मान घालून रंग भरत राहिली, आणि माझाच हात टिपणवहीवर थांबला. निघताना मी तिला विचारलं, हे आई-पप्पांना सांगू का? तिनं विचार केला आणि म्हणाली, "सांगा. पण ब्रश काढून घेऊ नका म्हणावं."

पुढच्या भेटीत दोघांना समोरासमोर बसवलं. कोर्टाचं नाव काढलं नाही.

"तिचा टूथब्रश कुठं आहे?"

"आमच्या बाथरूममध्ये," वडील लगेच म्हणाले. "गुलाबी. मी तसाच ठेवलाय."

"माझ्याकडं," आई म्हणाली. "नवा घेतला, निळा."

"निळा तिच्या दप्तरात आहे," मी म्हटलं, आणि मुलीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न देत होती. वडिलांनी फाइल उचलून टेबलावर ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच. आई म्हणाली, "मला वाटलं, तिला दप्तराची सवय लागलीय."

मला त्या क्षणी जे उमगलं ते मी तेव्हापासून प्रत्येक जोडप्याला सांगते. कायदा विचारतो, मूल कुठं राहतं? या मुलीचं खरं उत्तर होतं, दप्तरात. तुम्ही कोर्ट जिंकायला मूल हलवता, तेव्हा ज्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळं उभं आहे, ते उत्तरच मोडून टाकता. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी हेच सांगते: निकाल लागेपर्यंत मुलाचा दिवस जसा आहे तसा चालू द्या. दाखला अडवू नका, फोन बंद करू नका, आणि पुढचा शनिवार-रविवार कुणाकडे, हे मुलाला आधी कळू द्या.

त्या दोघांचा संसार पुन्हा जुळला नाही. पण चालू शैक्षणिक वर्ष बेळगावात पुरं करायचं, एक आड एक शनिवार-रविवार आणि अर्धी दिवाळी वडिलांकडे, मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, आणि मुलीला द्यायचं-घ्यायचं ते संकेश्वरच्या बसस्टँडवर, असं कागदावर उतरलं. वकिलांनी ते संमतीच्या अटी म्हणून कोर्टापुढं मांडलं. मामा नाराज होता. ते एका भेटीत माझ्यानं निभलं नाही, त्याला आणखी दोन भेटी लागल्या. वडिलांनी दाखला काढून स्वतः बेळगावच्या शाळेत नेऊन दिला.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. या शनिवारी मुलगी त्यांच्याकडे यायची होती, पण तिच्या शाळेचं गॅदरिंग नेमकं त्याच दिवशी.

"मॅडम, तारीख बदलायची तर कोर्टात अर्ज द्यावा लागतो काय?"

"आधी तिच्या आईशी बोला."

"बोललो की. ती म्हणाली, तुम्हीच या गॅदरिंगला. पोरगी नाचणार आहे."

"मग जावा की."

"जातोय. सातची गाडी आहे," ते म्हणाले. "तिथं पोचल्यावर पुढच्या रांगेत जागा मिळंल काय, तेवढं तिला विचारतो."