आपल्याकडे निकाल निवडणूक आयोग जाहीर करतो, मग अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोण झाला हे टीव्ही चॅनेल कसं ठरवतात?

चॅनेल ठरवत नाहीत. उरलेली मतं मोजली तरी चित्र बदलणार नाही, अशी खात्री पटली की ते तसं सांगतात, आणि अधिकृत निकाल लागायला काही आठवडे असताना सगळा देश त्या शब्दावर पुढे चालू लागतो. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, इथला मतदार आहे, मतदान केंद्रावर कामही केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या निवडणूक आयोगासारखी यंत्रणा इथे नाही. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण ते प्रचारातल्या पैशांवर लक्ष ठेवतं. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक म्हणजे 50 राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन अशा 51 वेगवेगळ्या निवडणुका. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी कौंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, कार्यालय करतं. अशा तीन हजारांवर कौंट्या आहेत. आमच्या केंद्राचं दार रात्री आठला बंद झालं की यंत्रातून बेरजेची लांबलचक पट्टी निघते. तिच्यावर सह्या होतात, निकालाची एक प्रत बाहेर लावली जाते आणि बाकी सगळं कौंटीकडे रवाना होतं. देशभरातल्या या आकड्यांची बेरीज त्या रात्री कुठलंही सरकारी कार्यालय करत नाही. ते काम असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था 1848 पासून करते आहे. तिचे वार्ताहर कौंटी कार्यालयांत थांबून आकडे फोनवर कळवतात.

चॅनेलांमध्ये ‘डिसिजन डेस्क’ नावाचा विभाग असतो. तिथले संख्याशास्त्रज्ञ आघाडीपेक्षा उरलेल्या मतांचा विचार जास्त करतात: किती राहिलीत, कुठल्या भागातली आहेत, आणि केंद्रावर टाकलेली आहेत की टपालाने आलेली.

2020 साली सगळा घोळ या शेवटच्या मुद्द्यावरून झाला. आमच्या राज्यात टपाली मतपत्रिका दोन लिफाफ्यांत येते. बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराची सही आणि तारीख, आतला कोरा, गुप्ततेसाठी. आतला लिफाफा नसेल तर मत बाद. कायद्याप्रमाणे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी यातला एकही लिफाफा उघडता येत नाही. त्या वर्षी कोविडमुळे अशी 25 लाखांहून अधिक मतं आली होती. ट्रम्प आपल्या समर्थकांना टपाली मतदानावर विश्वास ठेवू नका असं सांगत होते, त्यामुळे यातली बहुतेक मतं बायडेन यांची होती. केंद्रांवरची मतं आधी मोजून झाली आणि मध्यरात्रीनंतर ट्रम्प जवळपास सात लाखांनी पुढे दिसू लागले. लिफाफे उघडत गेले तशी ती आघाडी विरत गेली. शनिवारी, 7 नोव्हेंबरला, चॅनेलांनी बायडेन यांना विजयी म्हटलं. राज्यातला अंतिम फरक 80,555 मतांचा होता.

यात लबाडी कुठेच नव्हती, नुसता मोजण्याचा क्रम होता. फ्लोरिडात टपाली मतांची छाननी आधीच सुरू करता येते, म्हणून तिथला आकडा त्याच रात्री जवळपास पूर्ण होतो. आमच्याकडे 2024 सालीही जुनाच नियम होता. आमदारांनी तो बदलला नाही, याचा मला मनापासून राग येतो.

चॅनेलही चुकतात. 2000 साली फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला घड्याळ तासभर मागे असल्याने मतदान चालू होतं, तेवढ्यात त्यांनी राज्य डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांनी जिंकलं असं सांगून टाकलं. दोनेक तासांत ते मागे घेतलं. पहाटे दोनच्या पुढे तेच राज्य, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपद, रिपब्लिकन उमेदवार बुश यांना दिलं, गोर यांनी अभिनंदनाचा फोन केला, आणि मग पुन्हा फोन करून शब्द मागे घेतला. वोलुसिया कौंटीत एका केंद्राच्या नोंदीत गोर यांची 16,000 हून अधिक मतं चक्क वजा झाली होती. सगळी मोठी चॅनेल एकाच संस्थेकडून आकडे घेत होती आणि एकमेकांच्या मागे धावत होती, म्हणून चूकही सगळ्यांची एकदम झाली. असोसिएटेड प्रेसने मात्र त्या पहाटे बुश यांना विजयी म्हटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबरला फेरमोजणी थांबवली, तेव्हा सुमारे 60 लाख मतांत फरक होता 537 चा.

तेव्हा पुढच्या वेळी पाहाल तर आघाडीच्या आधी अंदाजे किती टक्के मतं मोजून झालीत ते बघा, आणि कुठली राहिलीत ते सांगणाराच वार्ताहर ऐका. फिलाडेल्फियासारखं मोठं शहर बाकी असेल तर लाखाच्या आघाडीवरही विसंबू नका.

कायद्याचा निकाल याच्या पुढचा आहे. कौंट्या मतं तपासून प्रमाणित करतात, मग राज्य करतं. डिसेंबरात राज्याराज्यांत निवडून आलेले 538 इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मत देतात, त्यातली 270 लागतात, आणि 6 जानेवारीला संसदेत ती मोजली जातात. 2021 साली याच दिवशी जमाव संसद भवनात घुसला. त्यातल्या कित्येकांची अशी पक्की समजूत होती की मतदानाच्या मंगळवारी रात्री पडद्यावर दिसलेली ट्रम्प यांची आघाडी हाच निकाल होता आणि तो नंतर चोरला गेला.