मान वर करून बघ

प्रिय पोरी,

सोमवारपासून तू मिरजेत हॉस्पिटलच्या काउंटरवर बसणार, हे तुझ्या आईकडून कळलं. मला फार बरं वाटलं. या कामात माझी सव्वीस वर्षं गेली, म्हणून हक्कानं लिहिते आहे.

कॉम्प्युटर, टोकन, बिलं हे तू आठ दिवसांत शिकशील. मला काळजी आहे ती मान खाली घालायच्या सवयीची. ती मलाही लागली होती. एकदा हिवाळ्यात सकाळी पन्नाशीचा एक माणूस आला. "ॲसिडिटी झालीय," म्हणाला. मी लिहिता लिहिताच नाव विचारलं, तेवीस नंबरचं टोकन दिलं आणि बसायला सांगितलं. थंडीचे दिवस असून त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, डावा हात तो सारखा चोळत होता. माझ्यासमोर उभा होता तो, आणि मला यातलं काहीही दिसलं नाही. बाजूनं जाणाऱ्या सिस्टरनं पाहिलं आणि त्याला धरून आत नेलं. हार्ट अटॅक होता. माणूस वाचला, तो सिस्टरमुळे. ती पाठ मला आजही दिसते.

म्हणून सांगते, आधी माणूस बघ, मग नाव लिही. छातीत दुखतंय, दम लागलाय, घाम फुटलाय, असं दिसलं की नंबर बाजूला ठेवायचा. अशा पेशंटचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. तोंड वाकडं झालंय, एक हात गळालाय, बोलणं अडखळतंय, तर आत कळवायचं आणि नातेवाइकाला एकच विचारायचं, "शेवटचे नीट कधी होते?" ती वेळ कागदावर लिहून दे. हा लकवा असू शकतो; मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो हिशेब तिथूनच सुरू होतो. रांगेतले लोक चिडतील. उभं राहून खरं कारण सांग. खरं सांगितलं की लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आता अपॉइंटमेंटचं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढं मिरज दवाखान्यांचंच गाव झालं. आजही अथणी, जमखंडी, विजापूरकडून पेशंट येतात. त्यांना फोनवर "साडेअकराला या" म्हणून फोन ठेवू नकोस. "कशानं येणार? परतीची गाडी किती वाजता?" हे आधी विचार. पहाटे निघालेली म्हातारी आठला दारात असते. तिला साडेअकराचा नंबर आणि शहरातल्या माणसाला नऊचा, यात काय न्याय आहे? लांबून येणाऱ्याला लवकरची वेळ द्यायची. "बर्री, कूड्री", म्हणजे "या, बसा", एवढं कन्नड तरी शिकून घे. पेशंटचा चेहरा तेवढ्यानंच सैल होतो.

दर तासाला एक जागा मोकळी सोड, कितीही फोन आले तरी. डॉक्टरांना मध्येच सिझेरियनला जावं लागतं, आणि मग तीच जागा दिवस सावरते. उशीर होणार असेल तर आकडा सांग. "आत्ता येतील" असं म्हणू नकोस. "दीड तास लागेल, जेवून या," म्हटलं तर माणूस जेवून तरी येतो. नाहीतर नंबर जाईल या भीतीनं तो जागचा हलत नाही.

तपासणीला बोलावताना "उपाशी या" एवढंच सांगू नकोस. एका बाई गुरुवारी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या आणि म्हणाल्या, "उपवासच आहे माझा." चूक त्यांची नव्हती. "रात्री जेवल्यावर काही खायचं नाही, चहासुद्धा नाही, साधं पाणी चालेल," असं फोडून सांगायचं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. ऑपरेशन असेल तर पाण्याचंही डॉक्टरांना विचारून सांग. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला लघवी तुंबवून यावं लागतं, हे बायका लाजून विचारत नाहीत, आपणच हळू आवाजात सांगायचं. शुगरचा पेशंट उपाशी आला असेल तर त्याला पहिला घे. इन्सुलिन घ्यायचं की नाही, हे मात्र आपण सांगायचं नसतं. ते डॉक्टरांचं काम.

आजार कधी मोठ्यानं उच्चारू नकोस. "एचआयव्हीचा रिपोर्ट कुणाचा?" अशी हाक मी एका काउंटरवर ऐकली आहे. तो मुलगा उठलाच नाही. रिपोर्ट तिथंच राहिला. २०१७ च्या कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पण मला कायद्याआधी तो मुलगा आठवतो.

आणखी एक, यात माझ्याकडून सूट नाही. सोनोग्राफीनंतर कुणी सासूबाई हळूच विचारतील, "पेढे आणायचे की बर्फी?" पैसेही पुढं करतील. मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी करणारा १९९४ चा कायदा भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेला असतो. पण २०१७ च्या मार्चमध्ये आपल्याच तालुक्यात, म्हैसाळला, ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, ते मी विसरू शकत नाही. "नाही" एवढंच म्हण, आणि लगेच डॉक्टरांच्या कानावर घाल. गरोदर बाईचा एफ फॉर्म, म्हणजे याच कायद्यानं लागणारा सोनोग्राफीच्या नोंदीचा कागद, पूर्ण भरल्याशिवाय तिला सोनोग्राफीला आत सोडू नकोस, मागं कितीही रांग असो.

नावं सारखी निघतात. मधलं नाव, गाव आणि वय, तिन्ही जुळल्याशिवाय फाईल हातात देऊ नकोस.

माझ्याकडं एक जुनी वही आहे. एसटी आणि रेल्वेच्या वेळा, जवळची धर्मशाळा, रात्री उघडं राहणारं मेडिकल, असं सगळं तिच्यात आहे. काही वेळा बदलल्या असतील, त्या स्टँडवर विचारून दुरुस्त कर. रविवारी संध्याकाळी घरी ये आणि वही घेऊन जा.

तुझी,
काकू