आधी विचार, चिकटलीय कुठे?

डॉक्टरबाई,

निफाडच्या त्या बागायतदाराच्या मुलाने 'कॅन्सर आहे का, किती दिवस?' असं विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस, ते बरं केलंस. बापाच्या रिपोर्टमध्ये नुसतं 'डाव्या एट्रियममध्ये गाठ', म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात गाठ, एवढंच लिहिलंय. एवढ्यावर कुणाचं भविष्य सांगतेस? आधी विचार, गाठ चिकटलीय कुठे?

दोन एट्रियममधल्या पडद्याला देठाने लोंबत असेल, दर ठोक्याला खालच्या मायट्रल झडपेत उतरत असेल, तर बहुतेक मिक्सोमा. तो कॅन्सर नाही. नीट काढला की माणूस बहुधा चारचौघांसारखा जगतो. परत उगवण्याचं प्रमाण एरवी १ ते ३ टक्के, घराण्यात असेल तर बरंच जास्त. म्हणून भावंडांचं विचार, ओठांवरचे काळे ठिपके बघ, तीही घराण्यातल्या मिक्सोमाची खूण. गाठ एट्रियमच्या अपेंडेज नावाच्या खिशात, झडप आकसलेली आणि नाडी अनियमित असेल, तर रक्ताची गुठळी समज. उजव्या एट्रियमच्या भिंतीत रुंद बुडाने घुसलेली, हृदयाभोवतीच्या पिशवीत, पेरिकार्डियममध्ये, पाणी, असं असेल तर मात्र माझंही तोंड उतरतं. अँजिओसार्कोमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या या कॅन्सरचा, हिशोब बहुधा महिन्यांत असतो. शिवाय हृदयात मुळात उगवलेल्या गाठींपेक्षा दुसरीकडच्या कॅन्सरमधून आलेल्या कितीतरी पट जास्त, तेव्हा बाकीचं शरीरही तपास. शेवटचं नाव पॅथॉलॉजीवालाच देईल, पण पत्ता तू शोधायचास.

ताप, घटलेलं वजन, चढलेला ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी). लगेच टीबीची औषधं! थुंकीचा रिपोर्ट कुणी मागितला होता का? मिक्सोमाही हेच सोंग आणतो, गाठीतून इंटरल्यूकिन-६ हे दाह पेटवणारं रसायन सुटतं म्हणून. आणि हिस्ट्रीत तूच लिहिलंयस: द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहून छाटणी करताना दम, आडवं पडलं की आराम. हार्ट फेल्युअरवाला उशा वाढवतो, याचं उलटं. उभं राहिलं की गाठ झडपेवर येते. हातचं वाक्य असं सोडायचं नसतं गं.

मी हेकट आहे, हे तुला वॉर्डात सांगितलं असेलच. गाठीची जागा न लिहिलेला इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, मी परत पाठवायचो, करणारे वैतागायचे. वैतागू देत. १९५४ साली स्टॉकहोममध्ये सर्जन क्राफूर्डने पहिला मिक्सोमा यशस्वीपणे काढला, तेव्हा आजच्यासारखा इको कुठे होता? आता देठसुद्धा दिसतो, तरी लिहायचा कंटाळा. खंत वाटते ती पुढची. मुंबईहून ऑपरेशन करून आलेले माझे कितीतरी पेशंट बरं वाटतंय म्हणून पुन्हा इकोला फिरकलेच नाहीत. त्यांचं पुढे काय झालं, मला सांगता येत नाही. तू डिस्चार्ज कार्डावर पुढच्या वर्षीच्या इकोचा महिना लिही आणि मुलाचा नंबर घे.

गोडी छाटणी उरकून ऑपरेशन करू म्हणतील. ऐकू नकोस. तुकडा सुटून मेंदूत गेला तर बाग कोण बघणार, हे त्या मुलालाच विचार. उद्या टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून इको, करून घे आणि रिपोर्टवर पहिली ओळ जागेची लिहून आण. नसेल तर परत पाठवेन, तुलासुद्धा.