डाग इथे, गळती तिथे: जुन्या ट्रक कॅम्परबद्दल तुमचे प्रश्न

आमचा कॅम्पर, म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायचं छोटं फिरतं घर, १९८७चा; आम्ही ओरेगॉनमध्ये राहतो. वरच्या बिछान्याच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग आहे. उन्हाळ्यात तो सुकला. आता सीलंट भरून रंग दिला तर चालेल का?

नका देऊ. ओरेगॉनचा उन्हाळा कोरडा असतो. डाग सुकला तो पाऊस थांबला म्हणून, गळती थांबली म्हणून नाही.

या काळातल्या बहुतेक कॅम्परना दीड इंची रिपांची चौकट असते. आतून जेमतेम तीन मिलिमीटरचं प्लायवूड, बाहेरून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि मधे थर्माकोल किंवा काचेची लोकर. पत्र्यामागे शिरलेलं पाणी रिपेच्या अंगाने उतरत जातं आणि अडेल तिथे मुरतं. डागावर सीलंट थापणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एक टोचा घ्या आणि डागापासून बाहेरच्या दिशेने दर दोन इंचांवर टोचत चला. चांगलं लाकूड टोच्याला अडवतं, कुजलेलं मुकाट आत घेतं. माझ्या कॅम्परमध्ये डाग वीतभर होता. प्लायवूड सोडवलं तेव्हा मागची आडवी रीप तीन फुटांपर्यंत कुजलेली निघाली. बोटांनी दाबली की तपकिरी चौकोनी ढलप्या पडायच्या आणि पावसाळ्यातल्या पालापाचोळ्याचा वास यायचा. पाणी येत होतं ते वर कपाळावर लावलेल्या छोट्या पिवळ्या दिव्याच्या एका स्क्रूमधून. म्हणून आधी गळती शोधा, मग लाकडाला हात लावा.

पण गळती सापडावी कशी? होज मारून पाहिला, काही कळलं नाही.

पाण्याऐवजी हवा वापरा. गॅसची टाकी बंद करा. छताच्या झरोक्यात पंखा असा बसवा की तो हवा आत ढकलेल. त्याच्या कडा पुठ्ठा आणि टेप लावून बंद करा, खिडक्या-दारंही लावून घ्या. मग बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी फिरवा: कोपऱ्यांच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, दिवे, झरोक्यांच्या कडा. जिथे फेस फुगेल तिथे खडूने खूण करा. दोघं असाल तर तासाभरात कॅम्परभर खुणा होतील, आणि पहिल्यांदा ते बघून पोटात गोळा येतो.

फटींत सिलिकॉन भरू का?

नको. सिलिकॉनच्या थरावर नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही. पट्टी पूर्ण काढा, जुना वाळका मसाला खरवडा, ब्युटिल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) लावून पट्टी पुन्हा कसा. छत रबराचं असेल तर रबराला चालणारं, आपोआप पसरणारं सीलंट घ्या.

नव्या रिपांसाठी दुकानात मिळणारं हिरवट, औषध मुरवलेलं लाकूड घेतलं तर पुन्हा कुजण्याची भीती नाही ना?

हेतू चांगला, लाकूड चुकीचं. त्या औषधात बहुधा तांबं असतं. ओल आणि अ‍ॅल्युमिनियमशी गाठ पडली की ते पत्रा खातं: आधी पांढरी भुकटी, मग टाचणीएवढी भोकं. साधी, वाळवलेली फर किंवा स्प्रूसची रीप घ्या आणि बोरेटचं (कूज रोखणाऱ्या क्षाराचं) द्रावण पाजा. जुन्या लाकडातली कूज चांगल्या भागापर्यंत मागे कापा आणि जोड गोंद-स्क्रूने बांधा. पातळ इपॉक्सी मुरवून कुजकी रीप वाचवता येते असं सांगणारे भेटतील. खिडकीच्या कडेला चालेल, भार पेलणाऱ्या रिपेला नाही.

घाई मात्र करू नका. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली गेली की बुरशीची वाढ थांबते. मी ओल मोजायच्या मीटरवर १५ टक्के दिसेपर्यंत आतलं प्लायवूड बसवत नाही.

कॅम्पर ट्रकवरून उचलायला कोपऱ्यांवर जॅक आहेत, त्यातल्या एका जॅकचे स्क्रू नुसत्या हातानेच फिरतात. त्याच जॅकवर कॅम्पर उचलून खाली काम करता येईल?

कृपा करून तसं करू नका. त्या कोपऱ्यात स्क्रू धरायला लाकूडच उरलेलं नाही आणि त्याच्यावर शेकडो किलो येणार. कॅम्पर ट्रकवरच राहू द्या, कोपरा बाहेरून उघडा. उतरवल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर आधी तळाखाली ओंडक्यांची आडवी-उभी चवड रचा आणि सगळा भार तिच्यावर घ्या. त्या जॅकला हात लावायचा तो नवी रीप बसून गोंद पक्का झाल्यावरच.