क्लिक केलं की उघडतं, पण कुणासाठी?

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी मी वेबपानावर केली आहे. डावीकडे विषय, उजवीकडे पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाचं नाव एका डिव्हमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या (वेबपान लिहिण्याच्या भाषेच्या) साध्या चौकटीत आहे. त्यावर क्लिक केलं की खालचा दुसरा डिव्ह उघडतो आणि लेखक, वर्ष, कपाट क्रमांक दिसतात. सगळं छान चालतं. पण आमचे एक सभासद दृष्टिहीन आहेत, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. ते म्हणाले, “टॅब दाबला की सगळी यादी ओलांडून थेट तळातल्या लिंकवर जातो.” शिवाय खाली देणग्यांचा एक रुंद तक्ता आहे, त्यामुळे फोनवर अख्खं पान आडवं सरकतं. – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : तुमच्या सभासदांनी दुखणं नेमकं सांगितलं आहे. टॅब तिथे थांबत नाही, कारण डिव्ह ही नुसती चौकट आहे. १९९७च्या एचटीएमएल ३.२मध्ये ती आली तीच मुळी पानाचे भाग पाडायला. तुम्ही तिच्यावर क्लिकचा कोड बसवलात, कर्सरचा हात केलात. ते माउसला आणि डोळ्यांना कळलं. कीबोर्डला ती अजून कोरा मजकूरच वाटते.

त्याच डिव्हला टॅबइंडेक्स शून्य द्यायचा (टॅब तिथे थांबावा म्हणून), रोल बटन द्यायचा (हे बटन आहे असं स्क्रीन रीडरला कळावं म्हणून), एंटर आणि स्पेस या दोन्ही कळांसाठी कोड लिहायचा आणि उघडमीट होताना दर वेळी एरिया-एक्स्पांडेड, म्हणजे ‘उघडं की मिटलेलं’ ही खूण बदलायची, असाही एक मार्ग आहे. मी कित्येक वर्षं तसंच करत होते. एका दवाखान्याच्या पानावर माझा स्पेसचा कोड राहून गेला. स्पेस दाबली की डॉक्टरांच्या वेळा उघडायच्या सोडून पानच खाली सरकायचं. हात कापतो म्हणून माउस धरता न येणाऱ्या एका बाईंनी फोन करून सांगितलं, तेव्हा मला कळलं. त्या फोननंतर मी जे काम ब्राउझर स्वतः करतो ते हाताने करणं सोडलं.

तुमच्या कामासाठी एचटीएमएलमध्येच डिटेल्स आणि समरी ही टॅगांची जोडी आहे. बाहेरची चौकट डिटेल्सची, तिच्यात सगळ्यात आधी समरी, म्हणजे पुस्तकाचं नाव, आणि त्याखाली बाकीची माहिती. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. टॅब समरीवर थांबतो, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, आणि नोंद मिटलेली आहे की उघडलेली हे एनव्हीडीए बोलून सांगतो. वाचनालयाला आणखी एक फायदा आहे. क्रोममध्ये पानावर लेखकाचं नाव शोधलं, तर मिटलेल्या डिटेल्समधलंही सापडतं आणि ती नोंद आपोआप उघडते. तुमच्या डिस्प्ले नन करून लपवलेल्या डिव्हमध्ये हे होणार नाही.

सगळ्या डिटेल्सना ‘नेम’ या गुणधर्मात एकच नाव दिलं तर एक उघडताना आधीची मिटते. तुम्ही तसं करू नका. दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघायची सवय वाचकाला असते, ती मोडू नये.

हे सगळं यूएल या यादीच्या टॅगमध्ये, एकेक नोंद एकेका एलआय टॅगमध्ये ठेवा, म्हणजे यादीत नोंदी किती हे ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच कळेल. विषयांच्या लिंकांना नॅव्ह हा टॅग, मुख्य भागाला मेन. मेन पानावर एकच. एनव्हीडीएत डी दाबत गेलं की माणूस या भागांवरून उड्या मारत जातो. डिव्हांच्या पानावर त्याला उडी मारायला जागाच नसते.

आता तक्ता. तुमचे दोन स्तंभ फ्लेक्सचे, म्हणजे चौकटी शेजारी-शेजारी मांडण्याच्या सीएसएसच्या (सजावटीच्या नियमांच्या) पद्धतीचे असणार. फ्लेक्समधल्या चौकटीची मिन-विड्थ (किमान रुंदी) मुळात ऑटो असते, म्हणून ती आतल्या तक्त्यापेक्षा अरुंद व्हायला तयार होत नाही आणि पान ताणते. उजव्या स्तंभाला मिन-विड्थ शून्य द्या. मग तक्त्याभोवती एक चौकट घाला, तिला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या. सरकेल तो फक्त तक्ता. ही चौकट मात्र खुशाल डिव्हची करा. तिला अर्थ नाही, नुसतं धरून ठेवायचं काम आहे, आणि डिव्ह त्यासाठीच आहे. कीबोर्डने तक्ता सरकवता यावा म्हणून इथे टॅबइंडेक्स शून्य, रोल रीजन आणि ‘देणग्यांचा तक्ता’ असं एरिया-लेबल जरूर द्या.

बदल झाला की त्या सभासदांच्या शेजारी बसा आणि माउसला हात न लावता त्यांना एक पुस्तक शोधू द्या.

प्रश्न : पी टॅगला, म्हणजे परिच्छेदाच्या टॅगला, पिवळी पार्श्वभूमी दिली. त्यात एक डिव्ह ठेवला, तर तो पांढराच राहतो आणि खाली उगाच मोकळी जागा पडते. – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पीच्या पोटात डिव्ह बसत नाही. डिव्ह दिसताच ब्राउझर पी तिथेच बंद करतो. म्हणजे तुमचा डिव्ह पीच्या बाहेर पडला, आणि शेवटी तुम्ही लिहिलेल्या बंद होणाऱ्या पीसाठी त्याने एक नवा रिकामा पी तयार केला. ती मोकळी जागा त्याच्या मार्जिनची, म्हणजे भोवती सोडलेल्या अंतराची. बाहेरचा पी काढून तिथे डिव्ह घ्या. आत दोन-चार शब्दच वेगळे दाखवायचे असतील तर पी राहू द्या आणि आत स्पॅन हा ओळीतल्या शब्दांसाठीचा टॅग वापरा. आधी ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट (पानाची रचना दाखवणारं साधन) उघडून तो रिकामा पी एकदा बघून घ्या.